लॅपटॉप फार मंदावलाय – डीफ्रॅग आणि रजिस्ट्रीची सफाई करावी का?

चाफेकळी (धागाकर्ती)
मंडळी, मदत हवी आहे. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. गेल्या दोन महिन्यांत तो इतका मंदावलाय की बटण दाबल्यापासून काम सुरू करेपर्यंत आठ-नऊ मिनिटं जातात. फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी सरकत राहते आणि फाइल्स दिसायला वेळ लागतो.

आतापर्यंत दोन गोष्टी केल्या. एक फुकट मिळणारा रजिस्ट्री क्लीनर (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या, नको त्या नोंदी काढणारा प्रोग्रॅम) चालवला. त्याने १,१४३ 'त्रुटी' लाल अक्षरांत दाखवल्या, मी सगळ्या 'दुरुस्त' केल्या. फरक शून्य. मग रात्री डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइल्सचे तुकडे सलग लावणं) लावून झोपले, सकाळी बघते तर गाडी १० टक्क्यांवरच. घाबरून रद्द केलं. असं मध्येच थांबवल्याने काही बिघडलं असेल का? डीफ्रॅग परत लावू, की दुसरा एखादा चांगला क्लीनर वापरू?

बारा वर्षांचे फोटो आणि आजोबांनी आजीला लिहिलेल्या पत्रांची स्कॅन केलेली ४१२ पानं याच डिस्कवर आहेत. दुसरीकडे कुठेही प्रत नाही, म्हणून जास्त धास्ती वाटते.

शून्यएक
डीफ्रॅग मध्येच थांबवल्याने काही बिघडत नाही. विंडोजचं डीफ्रॅग एका वेळी थोडाच भाग हलवतं. आधी नव्या जागी लिहितं आणि मगच फाइलची नोंद बदलतं. तेवढी काळजी सोडा.

पण पुढचं काहीही करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर क्लिक करा आणि तीन आकडे इथे द्या: ॲक्टिव्ह टाइम किती टक्के, ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम किती, वाचनाचा वेग किती. शिवाय डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी (फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क), तेही बघा.

आणि फोटो-पत्रांची प्रत आजच काढा. बाकी चर्चा होत राहील.

जुनीवाट
चर्चा चालली आहे तोवर डीफ्रॅगबद्दल लिहितो, हा माझा आवडता विषय आहे. विंडोज ९८ मध्ये डीफ्रॅग लावला की रंगीत चौकोन एकेक करून जागेवर बसताना दिसायचे. मी तासन् तास बघत बसायचो. ते इंजिन सिमँटेककडून घेतलेलं होतं. विंडोज २००० आणि एक्सपीमधलं डिस्ककीपरवाल्यांचं. व्हिस्टामध्ये चौकोनांचा नकाशा गेला आणि डीफ्रॅग आपोआप, ठरल्या वेळी चालू लागला. म्हणजे आज ज्यांच्याकडे साधी हार्ड डिस्क आहे त्यांचं डीफ्रॅग बहुधा दर आठवड्याला परस्पर होत असतं.

तुकडे झाल्याने नेमका किती वेळ जातो याचा हिशेब मांडून बघा. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद, म्हणजे हवा तो भाग डिस्क वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ५.६ मिलिसेकंद थांबावं लागतं. हेड योग्य रेषेवर सरकायला साधारण १२ धरा. दर उडीला मिळून अंदाजे १८ मिलिसेकंद. फाइलचे ५०० तुकडे विखुरलेले असतील तर नुसत्या उड्यांत ९ सेकंद जातात. तीच फाइल सलग असेल तर हे ९ सेकंद वाचतात. डीफ्रॅगचा सगळा फायदा तेवढाच. तेव्हाच्या डिस्कवर आणि तेव्हाच्या फाइल सिस्टिमवर तो मोठा होता.

आता उलट बाजू. तुकडा ६४ एमबीपेक्षा मोठा असेल तर विंडोज त्याला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. ६४ एमबी वाचायला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ०.६४ सेकंद लागतात, त्यात १८ मिलिसेकंदांची उडी म्हणजे तीन टक्केही नाही. तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर '१२ टक्के फ्रॅगमेंटेड' असं दिसलं तरी आठ मिनिटांचं उत्तर तिथे सापडणार नाही. आणि रात्रभर चालून १० टक्क्यांवर अडकणं मला मुळीच ठीक वाटत नाही. डिस्क खूप भरलेली असेल तर वेळ लागू शकतो, पण डिस्कमध्येच बिघाड असेल तरी असं होतं.

कोरीपाटी
माझं मत थोडं वेगळं आहे. मी कित्येक वर्षं दर महिन्याला रजिस्ट्री साफ करतो आणि दर वेळी कॉम्प्युटर हलका झाल्यासारखा जाणवतो. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या शेकडो नोंदी मागे राहतात, हे तर खरं आहे ना? कचरा साठला की चाल मंदावणारच.

तळटीप
कोरीपाटी, नोंदी मागे राहतात हे अगदी खरं. पण त्या राहिल्या म्हणून चाल मंदावते, हे खरं नाही.

रजिस्ट्री म्हणजे मोजक्या फाइल्स आहेत. सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डीफॉल्ट या पाच विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग'मध्ये असतात, आणि प्रत्येक वापरकर्त्याची एक एनटीयूझर ही फाइल त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. या फाइल्सना हाइव्ह म्हणतात. एखाद्या प्रोग्रॅमला नोंद हवी असते तेव्हा विंडोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत बसत नाही. नावं क्रमाने लावलेली असतात, शब्दकोशात शब्द शोधावा तशी ती थेट त्या फांदीवर जाते. शब्दकोशातून तुम्ही कधीच न वापरलेले हजार शब्द खोडले म्हणून तुमचा शब्द लवकर सापडेल का?

आकारही बघा. एकटी सॉफ्टवेअर हाइव्ह सहज ७०-८० एमबीची असते. क्लीनर काढतो त्या हजारभर नोंदी मिळून काहीशे केबी भरतील. तेवढ्याने काय हलकं होणार?

तुम्हाला जो फरक जाणवतो तोही खोटा म्हणणार नाही. असे बहुतेक प्रोग्रॅम त्याच फटक्यात टेम्प फाइल्स उडवतात, स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद करायला सांगतात आणि शेवटी रीस्टार्ट करायला लावतात. फरक पडतो तो या तीन गोष्टींनी, श्रेय मात्र रजिस्ट्रीच्या सफाईला मिळतं. पुढच्या महिन्यात फक्त स्टार्टअप आवरा आणि रीस्टार्ट करा, क्लीनर चालवू नका. मग सांगा कसं वाटतं ते.

एक काळ असा होता की मायक्रोसॉफ्टचंच 'रेगक्लीन' नावाचं साधन मिळायचं. पुढे त्यांनी ते बंद केलं, आणि रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही अशी भूमिका लेखी घेतली.

गारवेल
तळटीप यांच्याशी पूर्ण सहमत, आणि हे मी अनुभवातून बोलते आहे. क्लीनरने 'वापरात नसलेल्या सामायिक फाइल्स' म्हणून ज्या नोंदी काढल्या त्यात माझ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या नोंदी होत्या. प्रोग्रॅम उघडेना. परत इन्स्टॉल करायला गेले तर 'आधीच इन्स्टॉल आहे' म्हणे, काढायला गेले तर 'सापडत नाही' म्हणे. वर्षअखेरीचं काम अडकलं, दोन दिवस मी रडकुंडीला आले होते. सिस्टम रिस्टोर पॉइंट (विंडोजची आधीची स्थिती परत आणण्यासाठी ठेवलेली नोंद) होता म्हणून सुटले. तुमच्याकडे तो चालू आहे का ते आजच तपासा, कारण विंडोज १० मध्ये तो बऱ्याचदा बंदच असतो.

जुनीवाट
गारवेल, रिस्टोर पॉइंटचा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत स्वतःहून 'रेगबॅक' फोल्डरमध्ये ठेवायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते बंद झालं. फोल्डर आहे, फाइल्सची नावंही दिसतात, पण आकार शून्य. अडचणीच्या वेळी तिथे गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. आणखी एक लक्षात ठेवा: रजिस्ट्री एडिटरमधून एक्स्पोर्ट केलेली फाइल परत घातली की गेलेल्या नोंदी येतात, पण मधल्या काळात नव्या आलेल्या नोंदी जात नाहीत. त्यामुळे ती म्हणजे पूर्ण पूर्वस्थिती नव्हे.

रजिस्ट्रीच्या डीफ्रॅगचाही एक काळ होता. सिसइंटर्नल्सचं 'पेजडीफ्रॅग' एक्सपीच्या दिवसांत मी वापरलं आहे. विंडोज चालू असताना हाइव्ह उघड्या असतात, त्यामुळे साध्या डीफ्रॅगला त्या हलवता येत नसत. म्हणून हे साधन बूट होतानाच ते काम उरकायचं. त्या काळच्या डिस्कवर त्याला अर्थ होता.

चाफेकळी
किती मनापासून लिहिताय सगळे! आकडे घेतले. प्रकार: एचडीडी. ॲक्टिव्ह टाइम सतत १०० टक्के. वाचनाचा वेग ०.६ एमबी. ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम ३,८०० मिलिसेकंद, मध्येच ६,००० च्या वर जातो. काही उघडलेलं नसतानाही हेच.

शून्यएक
हेच पाहायचं होतं. जुनीवाट यांनी वर हिशेब मांडला त्यात विखुरलेल्या तुकड्यांची एक उडी १८ मिलिसेकंदांची होती. डिस्कपुढे कामांची रांग लागली तर तो आकडा काहीशेवर जाईल. पण काहीच उघडलेलं नसताना ३,८०० म्हणजे डिस्क एखादा भाग वाचायचा प्रयत्न करते आहे, तो वाचला जात नाही, आणि ती पुन्हा पुन्हा तिथेच प्रयत्न करते आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा, डिस्कची तब्येत दाखवणारा छोटा प्रोग्रॅम उतरवा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींच्या शेवटचे आकडे सांगा. सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम'खाली डिस्कच्या नावाने क्रमांक ७ किंवा १५३ च्या नोंदी आहेत का बघा. ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं.

चाफेकळी
पिवळ्या रंगात 'कॉशन' (सावधान) आलंय. ०५ समोर १३८, सी५ समोर ५८, सी६ समोर शून्य. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ च्या ढीगभर नोंदी आहेत, सगळ्यात जुनी साधारण दोन महिन्यांपूर्वीची. आता काय?

तळटीप
आधी एक बारकावा. हा प्रोग्रॅम ते आकडे मुळात सोळाच्या पायात दाखवतो. म्हणजे १३८ हे आपले ३१२ आणि ५८ हे आपले ८८. मेनूतून दहाचा पाया निवडता येतो.

०५ म्हणजे खराब झाल्यामुळे ज्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) जागी राखीव सेक्टर वापरले गेले त्यांची संख्या. ते काम निभावून गेलं. काळजी सी५ ची आहे. हे ८८ सेक्टर वाचता आले नाहीत आणि निर्णयाची वाट बघत आहेत. त्यातला मजकूर कदाचित पुढच्या प्रयत्नात मिळेल, कदाचित कधीच मिळणार नाही.

म्हणून चाफेकळी, हात जोडून सांगतो, डीफ्रॅग आता अजिबात लावू नका. डीफ्रॅग म्हणजे हजारो फाइल्स उचलून नव्या जागी लिहिणं. आजारी डिस्कला त्यात तासन् तास वाचावं आणि लिहावं लागतं. परवा रात्री तेच चाललं होतं, दर खराब सेक्टरपाशी ती अडकत होती. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणीचा 'आर' पर्यायही नको. तो संपूर्ण पृष्ठभाग वाचत जातो, आणि प्रत काढण्याआधी ते करणं धोक्याचं आहे. ठरवून दिलेलं आपोआप डीफ्रॅगही बंद करा.

कोरीपाटी
तळटीप, तुमचं पटलं. मी फक्त रजिस्ट्रीकडे बघत होतो, डिस्क तपासायचं मला सुचलंही नसतं. चाफेकळी, तो क्लीनर परत चालवू नका.

शून्यएक
प्रत कशी काढायची ते सांगतो.

लॅपटॉप शक्य तेवढा कमी चालू ठेवा. बाहेरची डिस्क जोडा आणि सगळ्यात आधी पत्रं कॉपी करा, नंतर फोटो. पूर्ण 'युझर' फोल्डर एकदम ओढू नका, लहान लहान फोल्डर घ्या. एखादी फाइल अडली तर 'स्किप' करा, नाव कागदावर लिहा, पुढे चला. एकाच फाइलवर हट्टाने बसलात तर डिस्कचं उरलेलं आयुष्य तिच्यातच संपेल.

अडलेल्या फाइल्ससाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ते चालवायचं. पहिल्या फेरीत ते सहज वाचला जाणारा सगळा भाग उचलतं आणि अवघड जागा बाजूला ठेवतं. कुठे काय राहिलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, म्हणून मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. मग फक्त राहिलेल्या जागांवर फेऱ्या मारायच्या. प्रत ज्या डिस्कवर काढाल ती १ टीबीपेक्षा मोठी हवी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

क्लिक-क्लिक किंवा घासल्यासारखा आवाज येतोय का? येत असेल तर यातलं काहीच न करता बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

चाफेकळी
आवाज नाही. पत्रांपासून सुरू करते.

पाऊलखुणा
धाग्याला थोडा फाटा फोडतो, क्षमस्व. माझी डिस्क ठणठणीत आहे, पण सी ड्राइव्ह लाल झालाय, १२० जीबीतले ४ जीबी उरलेत. काय उडवू?

जुनीवाट
आधी विझट्रीसारख्या प्रोग्रॅमने जागा कुणी खाल्ली ते पाहा, अंदाजाने उडवू नका. सहसा मोठे हिस्सेदार ठरलेले असतात. मोठं अपडेट झालं की 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर राहतं. मागे जाण्याची मुदत १० दिवसांची, त्यानंतर ते काढायला हरकत नाही. हायबरनेटची (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करण्याच्या सोयीची) फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के असते. हायबरनेट वापरत नसाल तर बंद करा, पण मग फास्ट स्टार्टअपही जाईल. 'विनएसएक्सएस' हे विंडोजच्या स्वतःच्या घटकांचं फोल्डर मात्र हाताने कधीही उडवू नका. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक आहेत, म्हणजे तीच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते, म्हणून आकार फुगलेला दिसतो. ते डिस्क क्लीनअपमधल्या 'सिस्टम फाइल्स'मधून किंवा डिस्म या विंडोजच्याच साधनाच्या आज्ञेने आवरायचं. प्रीफेच फोल्डर साफ करायचा सल्ला जागोजागी मिळतो, तोही ऐकू नका. विंडोज त्याच्यामुळेच प्रोग्रॅम लवकर उघडते, आणि उडवला तरी ती तो परत बनवतेच.

गारवेल
डिस्क क्लीनअप वापरताना प्रत्येक टिक वाचा. विंडोज १० च्या २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये त्या यादीत चक्क 'डाउनलोड्स' फोल्डरही आला होता. सगळ्यावर टिक मारायची सवय असणाऱ्यांच्या कामाच्या फाइल्स त्यात जाऊ शकत होत्या. स्टोरेज सेन्स या विंडोजच्या आपोआप सफाईच्या सोयीतही तो पर्याय आहे.

तळटीप
क्लीनरचा विषय आहे तर हेही नोंदवतो. २०१७ साली सीक्लीनर या सफाईच्या प्रोग्रॅमच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती आवृत्ती अधिकृत ठिकाणाहूनच वीस लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोचली. पूर्ण रजिस्ट्रीवर हक्क असलेला प्रोग्रॅम घेताना त्याची खरंच गरज आहे का, एवढा विचार तरी व्हावा.

चाफेकळी
तीन दिवसांनी येतेय. फोटो सगळे आले. ४१२ पानांपैकी ४०१ साध्या कॉपीत आली, ११ अडली. भाच्याला बसवून डीडीरेस्क्यू चालवलं. पहिली फेरी सात तास, मग राहिलेल्या जागांवर तीन फेऱ्या. ११ पैकी ८ पानं उघडली! त्यातलं एक पत्र वडिलांच्या जन्माच्या आठवड्यातलं आहे. ते पडद्यावर उमटलं तेव्हा मी आणि आई दोघीही रडलो.

सी५ आता ८८ वरून १३१ झालंय. तुम्ही थांबवलं नसतं तर मी त्या रात्री पुन्हा डीफ्रॅग लावला असता.

नवीन एसएसडी बसवली. त्यावर डीफ्रॅग करायचं की नाही?

शून्यएक
फार बरं वाटलं वाचून. प्रतीची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा.

एसएसडीला डीफ्रॅगची गरज नाही. तिथे हेड नाही, एक उडी साधारण ०.१ मिलिसेकंदाची. जुनीवाट यांची ५०० तुकड्यांची फाइल तिथे उड्यांत ०.०५ सेकंदच घालवेल, उलट विनाकारण लिहिण्याने झीज होते. पण 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मधलं वेळापत्रक बंद करू नका. एसएसडी ओळखली की विंडोज तिथे ट्रिम चालवते, म्हणजे कोणत्या जागा रिकाम्या झाल्या ते डिस्कला कळवते. ते हवंच.

पाऊलखुणा
माझे ३१ जीबी मोकळे झाले, त्यातले १८ विंडोज डॉट ओल्डचे. आभार. आणि हा धागा वाचून माझ्या डिस्कचा सी५ पण पाहिला, शून्य आहे.

जुनीवाट
चाफेकळी, राहिलेली तीन पानं? डिस्क फेकू नका. काही दिवसांनी आणखी एक फेरी मारून बघता येईल, कधीकधी मिळतात.

चाफेकळी
डिस्क पिशवीत घालून जपून ठेवली आहे. पण ती तीन पानं कोणती ते यादीवरून कळलं, आणि मूळ पत्रं आईच्या ट्रंकेत आहेत. कागद घड्यांवर फाटायला आलाय, म्हणून काचेवर अलगद ठेवून पुन्हा स्कॅन करते आहे. दोन झाली, एक उद्या.